गेटबाहेरचे मतदार

मी अर्जनवीस. म्हणजे तहसील ऑफिसच्या गेटबाहेर टेबल टाकून, टाइपरायटर बडवून लोकांचे अर्ज लिहून देणारा माणूस. ह्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपणहून येऊन बसतात. माणूस येतो, "मुनशीजी, दोन ओळीचं काम हाय" म्हणतो आणि आजोबापासून सुरुवात करतो! दोन ओळी सरकारला जातात, बाकीचं सगळं माझ्याकडे राहतं.

आता टाइपरायटर गेला, टेबल गेलं, मीही घरी बसलो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला. दिवसभर बोलायला कोणी नाही, म्हणून तुम्ही सापडलात. चहा घ्या आणि बसा. मध्ये बोलायचं नाही, मला राग येतो.

गाव कुठलं ते विचारू नका. हिंगोली जिल्ह्यातला एक तालुका, एवढं पुरे. त्या वेळचे कारकून अजून पेन्शन खाऊन राहिलेत, उगाच भांडणं नकोत. काळ म्हणाल तर जिल्हा नवानवा झाला होता. परभणीचा शिक्का मारून लोक त्यावर पेनानं हिंगोली लिहायचे.

गेटबाहेर आमची चौघांची बैठक होती. मी, चहाच्या गाड्यावरची कौसाबाई, ऑफिसच्या खुर्च्यांना वेत विणून देणारे इस्माईलभाई आणि सगळ्यांत शेवटी येऊन मिळालेला सोपान. चौघांत जेलात न गेलेला मी एकटाच. त्यामुळं त्या बैठकीत सगळ्यात कमी मान मला होता!

*

आधी इस्माईलभाई. दरोड्याच्या केसमध्ये आत गेले. त्यांचं म्हणणं एकच, "मुन्शीजी, हम ने तो खाली बैटरी पकड़ी थी!" बॅटरी धरण्याबद्दल कोर्टानं चांगली लांबलचक शिक्षा दिली. आत खुर्च्या विणायला शिकले. सुटून आले तेव्हा घर भावानं विकलं होतं, बायको माहेरी जाऊन दुसऱ्याची झाली होती. मग गेटबाहेर लिंबाखाली बसले. तहसीलदार साहेब ज्या खुर्चीवर बसून लोकांना दम द्यायचे ती खुर्ची आमच्या इस्माईलभाईंनी विणलेली!

ट्रेझरीचा गार्ड संध्याकाळी टोल वाजवायचा. टोल पडला की इस्माईलभाईंच्या हातातला वेत आपोआप खाली जायचा आणि ते उकिडवे बसायचे, हात गुडघ्यावर, मान खाली. जेलातली सवय. संध्याकाळी कैद्यांची गिनती होते, तेव्हा असं रांगेत बसावं लागतं. इथं रांग कुठली? एकटेच बसायचे. लोक हसायचे.

कौसाबाई मोठी खट्याळ. गाळणी हलवत तिकडून ओरडायची, "एक! झाली गिनती, उठा भाई!" की इस्माईलभाई उठायचे, कपडे झटकायचे आणि चहा मागायचे. रोजचा खेळ झाला होता.

एकदा कौसाबाई बाळापूरच्या बाजाराला गेली. टोल पडला. मी एका म्हातारीचा अर्ज टाइप करत होतो, माझं लक्ष नाही. अर्ज झाला, म्हातारी गेली, मी टाइपरायटरवर झाकण घातलं, कुलूप शोधलं. बघतो तर इस्माईलभाई अजून तसेच उकिडवे!

"अहो भाई, पाय गेले का काय? उठा की!"

मान खाली घालूनच म्हणाले, "कोई गिनेगा तो उठूँगा ना, मुन्शीजी!"

मी "एक" म्हटलं. 

*

सोपान पहिल्यांदा आला तो टेबलापासून चार हात लांब, उन्हात उभा राहिला. बाकड्यावर बस म्हटलं तर म्हणाला, "राहू द्या, लोकं येतेत बसायला." उंच, वाकलेला, मेंढरामागं चालणाऱ्याची संथ चाल. बाळापूरच्या पलीकडं त्याचं गाव. तरुणपणी त्याची मेंढरं एकाच्या ज्वारीत शिरली, बाचाबाची झाली, ह्यानं काठी घातली. डोक्यात बसली. माणूस दवाखान्यात गेला आणि तिथंच गेला. सोपानला जन्मठेप. पुरी भोगून आला होता. हे सगळं त्यानं मी न विचारता सांगितलं, जसं काही ते सांगितल्याशिवाय त्याला बोलायची परवानगी नव्हती.

"बरं, काय लिहू?" मी म्हटलं.

"मत पायजे."

"कशाबद्दल मत?"

"मत हो! इलेक्शनचं. मला मिळंल का?"

आता मला तरी कुठं ठाऊक! मी त्याला घेऊन निवडणूक शाखेत गेलो. तिथला कारकून पान चावत म्हणाला, "खून करून आला आणि मत मागतो? उद्या म्हणेल आमदार करा!"

सोपान शांतपणे म्हणाला, "तसं एक होते साहेब आमच्या शेजारच्या बराकीत. केस चालू होती, आतूनच इलेक्शनला उभे राहिले. जेलाच्या गेटावर हार घेऊन लोक यायचे. मी त्यांचं आंगण झाडायचो. त्यांना उभं राहता आलं. मी झाडू खाली ठिवून मत द्यायला गेलो असतो तर मला मात्र देता येत नव्हतं!"

कारकुनानं पान थुंकलं आणि आम्हाला नायब तहसीलदारांकडं पाठवलं. बाई होत्या, नव्या, पुस्तक काढून बघणाऱ्या. बघून म्हणाल्या, "आत असेपर्यंत मत देता येत नाही. बाहेर आलात की येतं. फक्त यादीत नाव नाही तुमचं, ते घालून घ्या. एवढंच."

मला वाटलं सोपान खूश होईल. तो बाहेर येऊन लिंबाला टेकून उभाच राहिला. 

"मुनशीजी, सुटलो त्या दिवशी गेटावर समदं माघारी दिलं बघा. करदोडा दिला, चंची दिली, आत जाताना आंगावर होतं ते धोतर बी दिलं. एक-एक दाखवून अंगठा घेतला. मत बी माघारी देऊन राहिलो, असं कोणी काहून न्हाई सांगितलं?"

*

सोपानचा फॉर्म भरून राहिलो तर कौसाबाई हात पुसत आली. "दादा, माझा बी भरा मंग."

कौसाबाई कुरुंद्याकडची. नवरा दारू पिऊन मारायचा. एका दुपारी तिनं त्याच्याच हातातलं मुसळ घेतलं. पुढचं तुम्हाला कळलं. सुटल्यावर सासरच्यांनी गावात पाऊल ठेवू दिलं नाही आणि माहेरच्यांनी दार उघडलं नाही. म्हणून आमच्या गेटबाहेर आली. इथं कोणाचंच काही नसतं, त्यामुळं कोणी हाकलत नाही.

मी फॉर्म ओढला. नाव लिहिलं, वय लिहिलं. पुढचा रकाना वडिलांचं किंवा पतीचं नाव.

"बापाचं नाव सांग."

"बाप मेला तवा मी आत होते. मला कळवलं बी न्हाई. त्याचं नको."

आता राहिलं कोणाचं? मी पेन रकान्यावर धरून बसलो. इस्माईलभाईंनी वेत विणायचं सोडून मान वर केली. सोपान जमिनीकडं बघू लागला.

"लिहा की दादा!" कौसाबाई म्हणाली. "त्याच्यापायी गेले आत, आता त्याच्याच नावानं यादीत येते!"

आणि इतकी हसली, इतकी हसली की चहा उतू गेला. गॅस बंद करायला गेली ती पुष्कळ वेळ तिकडंच तोंड करून उभी होती. मी मुद्दाम टाइपरायटर मोठ्यानं वाजवला.

*

इस्माईलभाईंचाही फॉर्म भरून झाला, मग फोटोचा कॅम्प लागला. मतदार कार्डासाठी शाळेत कॅमेरा लावला होता आणि ही रांग! फोटोवाला हाताखाली एक पाटी ठेवायचा. तिच्यावर खडूनं नंबर लिहायचा आणि माणसाला छातीशी धरायला लावायचा, नंतर कोणाचा फोटो कोणता ते कळावं म्हणून. लोकांना पाटी कशी धरावी तेच कळेना. कोणी डोक्यावर धरी, कोणी तोंड झाकून घेई. फोटोवाला ओरडून ओरडून घायकुतीला आला होता.

इस्माईलभाईंचा नंबर आला. पाटी हातात घेतली, बराबर छातीच्या मध्यावर, दोन्ही हातांनी, हनुवटी वर, डोळे सरळ.

"वा चाचा! बघा रे, असं धरायचं!" फोटोवाला खूश. खटकन फोटो काढला.

इस्माईलभाई जागचे हलले नाहीत. पाटी तशीच धरून झटकन डावीकडं वळले आणि आडवा चेहरा करून उभे राहिले.

"चाचा, झालं! एकच फोटो असतो!"

"साइड का नहीं?" इस्माईलभाई चकित. "फिर पहचानोगे कैसे?"

सगळी रांग हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू! हसला नाही तो एकटा सोपान. तो पुढं गेला, भाईंच्या हातातली पाटी काढून घेतली आणि म्हणाला, "चला भाई. इथं एका बाजूनंच वळखतेत."

*

फॉर्म भरला की माणूस खरंच त्या गावात राहतो का, ह्याची चौकशी होते. सोपानच्या चौकशीला तोच पानवाला कारकून गेला. त्यानं परत येऊन सांगितलेली हकीगत अशी.

सोपान गावाबाहेर, मेंढरं कोंडायच्या जुन्या वाड्यात राहायचा. गावात घर होतं ते धाकट्या भावाचं. भावाला तीन पोरी. खुन्याच्या घरात सोयरीक कोण करणार? म्हणून त्यानं येणाऱ्या पाहुण्यांना सांगून टाकलं होतं, थोरला भाऊ जेलातच वारला. गावानंही ते धरून ठेवलं. गावाला काय, सोयीचंच होतं!

कारकून भावाच्या दारात गेला. "सोपान मारोती इथं राहतात का?"

"न्हाई साहेब. वारला तो."

कारकुनाच्या पिशवीत दोन्ही फॉर्म होते, नाव घालायचा आणि मेलेल्याचं नाव काढायचा. त्यानं दुसरा फॉर्म काढला. तेवढ्यात सोपान मेंढरं घेऊन समोरून आला.

"साहेब, पाणी घेता का?"

कारकून एकदा ह्याच्याकडं बघे, एकदा भावाकडं. शेवटी म्हणाला, "तुम्ही दोघं आधी ठरवा, मग मला बोलवा!"

वाड्यावर जाऊन त्यानं पाणी घेतलं, चूल बघितली, अंथरूण बघितलं आणि रिपोर्ट चांगला दिला. माणूस वाईट नव्हता.

ऐकून मी सोपानवर चिडलो. "अरे, एवढं कशासाठी? त्या गावात तुझ्याशी कोणी बोलत नाही, सख्खा भाऊ मेला म्हणून सांगतो. इथं आमच्यात ये. इथल्या यादीत नाव घालू, आमच्यासोबत मत दे!"

सोपान म्हणाला, "मुनशीजी, मत देताना तिथं नाव पुकारतेत ना?"

"पुकारतात. पहिला अधिकारी मोठ्यानं नाव वाचतो, सगळ्या एजंटांना ऐकू जावं म्हणून."

"गावात मला नावानं कोणी हाक मारत न्हाई. 'ए' म्हणतेत, न्हाई तर 'त्यो आला' म्हणतेत. माय होती तवर ती सोपान म्हणायची. ती गेल्याधरून माझं नाव मी ऐकलं न्हाई त्या गावात. एकडाव ऐकू द्या. समद्याच्या म्होरं. मंग मत कोणाला बी जाऊ द्या!"

 कौसाबाईनं न मागता चहा दिला.

*

इलेक्शन जवळ आलं. सोपान गेटावर यायचाच बंद झाला. मला काळजी वाटली. चार-सहा दिवसांनी आला तर म्हणाला, "मत मागायला येतेत ना लोकं! घरी माणूस नको का?"

वाड्यापुढं सडा टाकून, घोंगडी अंथरून तो रोज बसून होता. जीपा यायच्या, भोंगा वाजायचा. प्रत्येक दारात हात जोडले जायचे आणि वाड्यावरून गाडी सुसाट निघून जायची. एकाही पार्टीनं ब्रेक लावला नाही. भांडणाऱ्या सगळ्या पार्ट्यांचं ह्या एकाच गोष्टीवर एकमत होतं!

पण एक दिवस एक जीप बरोबर वाड्यापुढं पंक्चर झाली. अपक्ष उमेदवार होता, बाहेरगावचा. त्याला काय माहीत! खाली उतरला, समोर म्हातारा दिसला, सवयीनं हात जोडले. "बाबा, लक्ष असू द्या."

सोपानची धांदल उडाली. घोंगडी झटकली, शेळीचं दूध काढलं, चहा केला. उमेदवार चहा पिऊन राहिला तोवर त्याच्या माणसानं कानात काहीतरी सांगितलं. उमेदवारानं अर्धा कप खाली ठेवला आणि उठून जीपकडं गेला. टायर बदलेपर्यंत उन्हात उभा राहिला, पण परत घोंगडीवर बसला नाही.

हे सांगताना सोपानचा चेहरा बघवत नव्हता. मी त्या उमेदवाराला चार शिव्या घातल्या.

"नका हो मुनशीजी," सोपान म्हणाला. "आधी जोडले होते त्यानं हात. खरंच जोडले होते!"

*

कार्डं आली. इस्माईलभाईंचं आलं, कौसाबाईचं आलं. सोपानचं आलं तर त्यावर नाव सोपानचं आणि फोटो भलत्याच माणसाचा! गोल चेहरा, भरघोस मिशा, गालात हसतोय. छापताना अदलाबदल झाली असणार. तेव्हा हे फार व्हायचं.

इस्माईलभाईंनी कार्ड उन्हात धरून नीट बघितलं. "सोपानभाई, बदलो मत! ये वाले ने तो कुछ नहीं किया!"

हसून हसून पोट दुखलं. सोपानही हसला, मी त्याला हसताना पहिल्यांदा बघितलं. मी म्हटलं, दुरुस्तीचा अर्ज टाकू. तो म्हणाला, घाई न्हाई. कार्ड त्यानं वाड्यात डोक्याशी उभं करून ठेवलं होतं.

"काहून रे?" मी विचारलं.

"हसरा हाय हो माणूस. घरात कोणीतरी असल्यावानी वाटतं."

*

आता मतदानाचा दिवस. सोपाननं आजवर माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. आदल्या दिवशी म्हणाला, "मुनशीजी, येता का संगं?" मी टेबल बंद ठेवलं आणि बाळापूरहून जीपनं त्याच्या गावी गेलो.

मतदान शाळेत होतं. बायांची रांग वेगळी, गड्यांची वेगळी. सोपान धुतलेलं धोतर नेसून रांगेत उभा राहिला. पुढच्या माणसानं मागं बघितलं आणि दोन पावलं पुढं सरकला. मागचा दोन पावलं मागं थांबला. भर गर्दीत ह्याच्याभोवती तेवढी जागा मोकळी. मी व्हरांड्याच्या खांबाशी उभा होतो. मला वाटलं आपण जाऊन त्या जागेत उभं राहावं, पण पोलीस बघत होता.

बायांच्या रांगेत एक म्हातारी होती, काळसर, काटक, हातात काठी. सोपाननं तिला बघितलं आणि मान खाली घातली. माझ्याजवळून सरकताना हळूच बोलला, "ती गयाबाई. तिच्याच मालकाला..."  मला समजलं. त्याच्या काठीनं मेलेल्या माणसाची ती बायको.

सोपानचा नंबर आला. तो आत गेला. पहिल्या अधिकाऱ्यानं यादीवर बोट फिरवलं आणि खणखणीत आवाजात पुकारलं, "पोले सोपान मारोती!"

मी दारातून बघत होतो. सोपाननं डोळे मिटले होते. मग हळूच म्हणाला, "जी."

एवढ्यात एक एजंट उठला. गावातलाच, पन्नाशीचा, पंचायतीत मिरवणारा. "थांबा साहेब. माझा आक्षेप आहे. ह्या नावाचा माणूस मेलेला आहे. हा कोण ते आम्हाला माहीत नाही." आणि नियमाप्रमाणं आक्षेपाचे दोन रुपये टेबलावर ठेवले.

केंद्राध्यक्ष कॉलेजातले मास्तर होते. घाम पुसत म्हणाले, "बाबा, कार्ड आहे?" सोपाननं कार्ड दिलं. त्यांनी फोटो बघितला, सोपानकडं बघितलं. "हे तुम्ही नाही!"

"न्हाई साहेब. तो चुकून आला."

"दुसरं काही?"

सोपाननं धोतराच्या सोग्यातून घडी केलेला कागद काढला. जेलातून सुटल्याचा दाखला. केंद्राध्यक्षांनी वाचला आणि घाईघाईनं परत केला. "हा चालत नाही हो. गावातलं कोणी ओळखतं का तुम्हाला?"

माझ्याच्यानं राहवलं नाही. "मी ओळखतो साहेब!"

"तुम्ही ह्या गावचे?"

"नाही, पण..."

"मग बाहेर थांबा."

केंद्राध्यक्ष दारात आले आणि रांगेला विचारलं, "मंडळी, गावातल्या कोणीतरी सांगा. हे सोपान मारोती पोले आहेत की नाहीत? हो किंवा नाही, एवढंच."

सगळी रांग पायाच्या बोटांकडं बघू लागली. धाकटा भाऊ तिथंच होता. केंद्राध्यक्षांनी त्यालाच विचारलं, "तुम्ही?" तो म्हणाला, "मी काय सांगू साहेब..." आणि तोंड फिरवलं. लहानपणी ह्याच्या खांद्यावर बसून जत्रा बघितलेला भाऊ! मला संतापानं रडू येऊन राहिलं होतं. एवढी माणसं आणि एकाच्या तोंडून त्याचं नाव निघू नये?

सोपाननं कार्ड उचललं, कागदाची घडी केली. "राहू द्या साहेब. नाव ऐकलं मी. जातो." आणि दाराकडं वळला.

"कुठं चालला? थांब."

बायांच्या रांगेतून गयाबाई काठी टेकत पुढं आली. सगळे आपोआप बाजूला झाले. ती खोलीत शिरली आणि टेबलासमोर उभी राहिली.

केंद्राध्यक्ष म्हणाले, "मावशी, तुम्ही ओळखता ह्यांना?"

"व्हय. सोपान हाय. मारोतीचा थोरला."

"नक्की? एजंट म्हणतात तो मेला."

गयाबाईनं एजंटाकडं बघितलं, मग दारातल्या भावाकडं बघितलं. "मेला तो माझा मालक, साहेब. ह्याच्या काठीनं. ह्याला मी न्हाई वळखणार तर कोण वळखंल?"

 केंद्राध्यक्ष पेन उघडून तसेच बसले. मग चाचरत म्हणाले, "म्हणजे मावशी... ह्यांनी मत द्यायला तुमची हरकत नाही?"

"हरकतीचं कुठं इचारलं तुमी? वळखता का म्हणून इचारलं. वळखते!" गयाबाई काठी आपटून म्हणाली. "घ्या त्याचं नाव पुन्यांदा आन आटपा. कवाची उनात उभी हाय मी!"

केंद्राध्यक्षांनी मान हलवली. पहिल्या अधिकाऱ्यानं पुन्हा पुकारलं, "पोले सोपान मारोती!"

सोपानचे ओठ हलत होते, पण शब्द फुटेना.

"हाय, हाय," गयाबाईच बोलली. "लावा शाई."